बिनधुराचा धूर

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी "टेक्निकल पण सगळ्यांना कळेल असं काहीतरी" लिहून दे, असं आमच्या एडिटरताईने सांगितलं तेव्हा मी आधी घाबरलेच. के.जी. ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेल्यामुळे मराठी हा विषय माझ्यासाठी कायम पेपरापुरताच होता. आजी तर म्हणते, "तुझं मराठी म्हणजे खिचडी, आणि त्यातलं मीठसुद्धा इंग्रजी!" तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

विषय मात्र शोधावा लागला नाही. तो आमच्याच स्वयंपाकघरात, टेबलाशी बसून खोकत होता.

माझा धाकटा भाऊ सहावीत आहे. दिवाळी संपली की त्याचा खोकला सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत राहतो. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. मग आई उठते, वाफारा देते, पंप देते, पाठ चोळते. आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की ही थंडीची तक्रार आहे. मागच्या डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर एक वेगळाच प्रश्न विचारला, "थंडीत हा अभ्यासाला कुठे बसतो?"

आई म्हणाली, "स्वयंपाकघरात. तिथे उबदार असतं ना!"

"आणि खिडकी?"

"बंदच असते. वारा किती असतो आमच्याकडे!"

डॉक्टर एवढंच म्हणाले, "खिडकी उघडून बघा." आईला ते काही पटलं नाही. औषध लिहून द्यायचं सोडून खिडकी काय उघडायला सांगतात! मला मात्र तो प्रश्न सोडेना, कारण त्याच सेमिस्टरला आम्हाला ज्वलनाचा, म्हणजे कंबश्चनचा, चॅप्टर होता आणि वर्गात मी जी गणितं सोडवत होते ती सगळी इंजिन आणि बॉयलरची होती. आपल्या घरात रोज तीन वेळा ज्वलन होतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

देवळालीची हवा

मी राहते देवळाली कॅम्पला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाशिकरोडच्या पुढे, भगूरच्या अलीकडे आमचा कॅम्प. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. ब्रिटिशांच्या काळात इथे सैनिकांची मोठी छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत सैनिक इथे महिनोन् महिने पडून राहत आणि कंटाळून वेडे व्हायची पाळी येई, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द वेडसर या अर्थाने रूढ झाला. तो आमच्याच देवळालीवरून आला आहे! शाळेत हे कळल्यावर आम्ही वर्गभर एकमेकींना डूलाली म्हणत फिरत होतो.

पण आपल्या लोकांसाठी देवळाली म्हणजे हवा खायची जागा. लॅम रोडने गेलात तर पारशी, गुजराती, सिंधी समाजाची जुनी सॅनिटोरियम अजून दिसतील. क्षयावर औषधं नव्हती त्या काळी मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि चांगलं खाणं हाच इलाज मानला जायचा. मुंबईची माणसं गाडीने इथे येऊन राहायची. त्या काळातल्या बंगल्यांची बांधणी जरा निरखून बघा. उंच कौलारू छप्पर, पुढे व्हरांडा, समोरासमोर खिडक्या आणि भिंतीत अगदी वर छोटे झरोके. गरम झालेली हवा वर चढणार आणि झरोक्यातून बाहेर पडणार, तिच्या जागी खालून ताजी हवा आत येणार. फॅन नाही, वीज नाही, तरी हवा खेळती.

आणि आम्ही? त्याच देवळालीत फ्लॅटमध्ये राहतो. छत साडेनऊ फुटांवर. झरोका नाही. खिडकीला काच, काचेला पडदा, आणि थंडी म्हणून सगळं घट्ट बंद. ज्या हवेसाठी लोक पैसे खर्च करून येत होते, ती आम्ही फुकट मिळत असूनही घराबाहेर ठेवली आहे.

ज्योतीचं गणित

आता थोडा अभ्यास. घाबरू नका, डेरिव्हेशन नाही!

आपल्या सिलेंडरमध्ये असतो एलपीजी, म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. पूर्ण ज्वलन झालं तर समीकरण सोपं आहे:

ब्यूटेन + ऑक्सिजन = कार्बन डायऑक्साइड + पाण्याची वाफ + उष्णता

रेणुभार घालून हिशोब केला तर १ किलो ब्यूटेन जाळायला सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन लागतो आणि त्यातून सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलो पाणी तयार होतं. हवेत ऑक्सिजन वजनाने जेमतेम २३ टक्के असतो. म्हणजे १ किलो गॅससाठी सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. घनफळात सांगायचं तर जवळजवळ १३ घनमीटर.

आमच्याकडे १४.२ किलोचा सिलेंडर साधारण महिनाभर जातो. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात महिन्याला ४२ किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे २२ लिटर पाणी तयार होतं! हे गणित मी दोनदा तपासलं. बावीस लिटर म्हणजे मोठी बादली भरून पाणी. भाताची, चहाची वाफ यात धरलेलीच नाही. खिडकी बंद असेल तर हे पाणी जाणार कुठे? थंड भिंतीवर बसणार. आमच्या ओट्याच्या वरच्या कोपऱ्यात दर हिवाळ्यात काळे ठिपके येतात, आई ते ब्लीचिंगने पुसते आणि ते पुन्हा येतात. ती बुरशी. आणि घरातली ओल आणि बुरशी या गोष्टी दम्याचा त्रास वाढवतात हे तर डॉक्टर मंडळी कधीपासून सांगत आहेत. आम्ही मात्र त्या ठिपक्यांसाठी बिल्डरला दोष देत होतो.

आता कार्बन डायऑक्साइड. आमचं स्वयंपाकघर ८ बाय ७ फूट, म्हणजे साधारण १५ घनमीटर हवा. एका बर्नरला तासाला दीडशे ग्रॅम गॅस लागतो असं धरू. खोली अगदी हवाबंद मानली तर एक बर्नर तासभर चालल्यावर खोलीतला कार्बन डायऑक्साइड दीड टक्क्याच्या पुढे जाईल. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्क्याच्या जरासा वर असतो. अर्थात कुठलीही खोली हवाबंद नसते, दाराखालून, फटींतून हवा येत-जात राहते. म्हणून प्रत्यक्षात किती होतं हे बघायला मी इलेक्ट्रॉनिक्सच्या मैत्रिणीने प्रोजेक्टसाठी आणलेला सेन्सर दोन दिवस उसना घेतला.

पहिल्या दिवशी रोजच्यासारखं सगळं बंद. सकाळी साडेपाचला आईने शेगडी पेटवली. एका बर्नरवर कुकर, एकावर चहा, मग पोळ्या आणि भाजी. पाऊण तासात आकडा तीन हजार पीपीएमच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून तोच स्वयंपाक केला, तर आकडा हजाराच्या आसपास घुटमळत राहिला. सेन्सर एकच, घर एकच, दिवस दोनच, तेव्हा याला संशोधन म्हणू नका. पण आईला पटवायला एवढा आकडा पुरला. ती म्हणाली, "मग माझं डोकं रोज सकाळी जड होतं ते यानेच की काय?" तिचं डोकं रोज जड होतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलंच नव्हतं.

निळी ज्योत स्वच्छ असते ना?

हा प्रश्न मलाही पडला. पिवळी ज्योत वाईट, निळी चांगली, हे आपण शाळेपासून शिकतो. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे, कार्बनचे कण अर्धवट जळत आहेत. भांड्याच्या बुडाला काजळी धरते ती यानेच. निळ्या ज्योतीत इंधन जवळजवळ पूर्ण जळतं. हे सगळं खरं आहे.

पण निळ्या ज्योतीची एक वेगळी भानगड आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाशी बोलत नाही, अगदी शांत मुलगा. पण ज्योतीचं तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या बरंच वर जातं, तेव्हा नायट्रोजनसुद्धा ऑक्सिजनबरोबर जोडला जाऊ लागतो. हे कसं घडतं ते याकोव झेल्डोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मांडलं. आमच्या पुस्तकात इंजिनाच्या प्रदूषणाच्या चॅप्टरमध्ये त्याचंच नाव आहे. यातून नायट्रिक ऑक्साइड आणि पुढे नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे जो वायू गाडीच्या सायलेन्सरमधून येतो म्हणून आपण नाकाला रुमाल लावतो, तोच थोड्या प्रमाणात आपल्या ओट्यावर तयार होत असतो. आणि तो नायट्रोजन सिलेंडरमधून येत नाही, हवेतूनच येतो. त्यामुळे सिलेंडर असो की नाशिकमध्ये आता येऊ लागलेला पाइपचा गॅस, ज्योत आहे तिथे हा वायू आहे.

नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला चिडवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमवरून थेट १० वर आणली. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकात ती निवासी भागासाठी ४० आहे, पण ते मानक बाहेरच्या हवेसाठी. चौकात मशीन लावून हवा मोजतात. ओट्यापाशी कोण मोजणार?

मुलांच्या दम्याचं काय? २०१३ मध्ये ४१ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात असं दिसलं की गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतल्या मुलांना दम्याचा त्रास असण्याची शक्यता ४२ टक्क्यांनी जास्त होती. पण २०२४ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात गॅस आणि वीज यांची तुलना केली, तेव्हा दम्यात ठळक फरक दिसला नाही. न्यूमोनिया आणि फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा धोका मात्र गॅसवर थोडा जास्त दिसला. म्हणजे शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. तेव्हा "गॅसमुळे दमा होतो" असं छातीठोकपणे मी लिहिणार नाही. माझ्या भावाला धूळ, थंडी, परागकण सगळ्यानेच त्रास होतो. पण ज्याची श्वासनलिका आधीच चिडलेली आहे, त्याला रोज दोन तास बंद स्वयंपाकघरात बसवणं शहाणपणाचं नाही, एवढं तर कुणीही मान्य करेल.

आणि दोष एकट्या गॅसचा नाही. मिरचीची फोडणी दिली की घरभर ठसका लागतो ना? तेल तापून धूर निघाला, काही तळलं, काही करपलं, की त्यातून बारीक कण हवेत जातात. त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान. आपला केस याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. हे कण फुप्फुसात खोलवर जातात. इंडक्शनवर फोडणी दिली तरी ते निघणारच. म्हणून शेगडी कुठलीही असो, खिडकी हवीच.

मग चूल बरी का?

हे सगळं मी घरी सांगत होते तेव्हा पप्पा म्हणाले, "म्हणजे पूर्वीची चूलच बरी होती म्हण की!" मी काही बोलायच्या आत आजीच कडाडली, "चूल? माझे डोळे बघ आधी!"

आजी सिन्नर तालुक्यातली. लग्न होऊन आली तेव्हापासून तीस वर्षं तिने चुलीवर स्वयंपाक केला. पावसाळ्यात ओलं सरपण, गोवऱ्या, तोंडाने फुंकणी आणि डोळ्याला पदर. ती म्हणते, "धूर लागला की रडायला येई, आणि खरंच रडू आलं तरी कुणाला कळायचं नाही, धुरानेच डोळे ओले झाले असं वाटायचं." हे वाक्य ती हसत हसत बोलली, पण मला काही हसू आलं नाही.

आजीचं म्हणणं आकडेही सांगतात. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या चार खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला आणि तो अभ्यास १९८३ मध्ये छापून आला. तोपर्यंत प्रदूषण म्हटलं की जगाला फक्त कारखाने दिसायचे, स्वयंपाकघर दिसायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख लोक दगावले. यातला मोठा वाटा लाकूड, शेण, कोळसा आणि रॉकेलच्या धुराचा आहे.

म्हणून गॅस घरोघरी पोचणं ही मोठीच गोष्ट आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला दिली गेली. तामिळनाडूसह चार देशांत ३२०० गरोदर स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चुलीवाल्या बायकांच्या श्वासातले बारीक कण घनमीटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅम होते, तर गॅस मिळालेल्या बायकांचे २४. तिपटीचा फरक! (बाळाच्या जन्मवजनात मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे.)

तेव्हा चूल की गॅस हा प्रश्नच नाही. गॅस शंभर वेळा बरा. पण एक गंमत बघा. चुलीचा धूर डोळ्यांना दिसायचा, झोंबायचा, म्हणून माणसं धुराडं ठेवायची, कौलं उचलून वाट करायची, चूल पडवीत मांडायची. गॅसचा धूर दिसत नाही, म्हणून आपण आधी धुराडं बुजवलं आणि मग खिडकीही लावून घेतली. आजीच्या भाषेत हा बिनधुराचा धूर.

बाथरूमचं गणित

आता जे लिहिते आहे ते सगळ्यात महत्त्वाचं. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

स्वयंपाकघराचं गणित जमल्यावर मला उत्साह आला आणि मी वही घेऊन बाथरूमचं गणित मांडायला बसले, कारण आमचा गॅसगीझर तिथेच आत, भिंतीवर होता. बाथरूम ५ बाय ४ फूट, उंची ८. म्हणजे साडेचार घनमीटर हवा. आमच्यासारखा छोटा गीझर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला सुमारे ०.८ किलो गॅस खातो. स्वयंपाकघरातल्या पाच बर्नरएवढा! पंधरा मिनिटं चालला तर २०० ग्रॅम. त्याला लागणारी हवा २.६ घनमीटर.

मी पेन खाली ठेवलं. साडेचार घनमीटरच्या खोलीतली निम्म्याहून जास्त हवा पंधरा मिनिटांत. दार बंद, खिडकीला थंडीमुळे पुठ्ठा लावलेला.

ऑक्सिजन असा कमी होत गेला की गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, ठसका नाही. (सिलेंडर लीक झाला की जो घाण वास येतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा असतो, तो जळून गेलेला असतो.) रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, पाय लटपटतात. दार उघडावं असं सुचेपर्यंत हातपाय चालत नाहीत. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आपल्या नाशिकमध्येही येऊन गेल्या आहेत. बहुतेक वेळा माणूस धडधाकट, तरुण असतो, आणि घरचे बाहेर वाट बघत असतात.

मला एकदम आठवलं. आदल्या जानेवारीत आई न्हाऊन बाहेर आली आणि दारातच मटकन खाली बसली होती. चेहरा लाल, उलटीसारखं होत होतं. त्या दिवशी तिची संकष्टी होती. आम्ही सगळे म्हणालो, उपवासाने चक्कर आली. लिंबूपाणी दिलं, थोडा वेळ गॅलरीत बसवलं. ती बरी झाली. आम्ही विसरून गेलो.

ती लिंबूपाण्याने बरी झाली नव्हती. गॅलरीतल्या हवेने बरी झाली होती. त्या दिवशी ती आणखी पाच मिनिटं आत राहिली असती तर? ते माझ्याच्याने वहीत मांडवलं नाही.

रात्री पप्पा प्रेसमधून ड्यूटीवरून आल्यावर मी त्यांना वही दाखवली. म्हटलं, "पप्पा, तुम्ही एकदा हे बघा." त्यांनी शांतपणे दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत. बाथरूममध्ये जाऊन खिडकीचा पुठ्ठा काढला. त्या रविवारी प्लंबर बोलावून गीझर मागच्या उघड्या गॅलरीत बसवला, आता आत फक्त गरम पाण्याचा नळ येतो. खर्च झाला तो दोन हॉटेलिंगपेक्षा जास्त नव्हता.

काय करता येईल?

सगळं काही एका दिवसात बदललं नाही. खिडकी उघडली की वाऱ्याने ज्योत हलते, गॅस वाया जातो, ही आईची तक्रार अगदी बरोबर होती. म्हणून आम्ही शेगडीसमोरची झडप बंद आणि बाजूची उघडी असं केलं. एक्झॉस्ट फॅन होताच, पण आवाजामुळे आणि बिलाच्या भीतीने कुणी लावत नव्हतं. मी हिशोब दिला. ४० वॅटचा फॅन रोज तीन तास चालवला तर महिन्याला ३.६ युनिट. आईने त्या दिवसापासून लावायला सुरुवात केली. तुम्हालाही करता येतील अशा गोष्टी थोडक्यात:

१. शेगडी पेटवायच्या आधी खिडकी उघडा आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवा. एक्झॉस्ट फॅन असेल तर हवा आत यायलाही वाट हवी, नाहीतर फॅन नुसता गरगरतो.

२. फॅनची आणि खिडकीची जाळी महिन्यातून एकदा धुवा. आमच्या जाळीवर तेलाचा एवढा थर होता की पलीकडचं दिसत नव्हतं.

३. ज्योत पिवळी दिसली किंवा भांडी काळी होऊ लागली तर बर्नर साफ करून घ्या.

४. चिमणी घेताना पाइप घराबाहेर जातो ना हे बघा. बिनपाइपची चिमणी तेलकट धूर गाळते, पण नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड पुन्हा घरातच सोडते.

५. डाळ-तांदूळ आधी भिजवा, झाकण ठेवा, कुकर वापरा. गॅस कमी जळेल तेवढी हवा चांगली, आणि सिलेंडरही चार दिवस जास्त जाईल.

६. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दमेकरी यांची अभ्यासाची किंवा बसायची जागा स्वयंपाकघरात नको.

७. गॅसगीझर बाथरूमच्या आत कधीही नको. असेलच तर तो हलेपर्यंत बादली भरा, गीझर बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या आणि मगच आंघोळीला जा. आंघोळ करताना चक्कर, मळमळ वाटली तर उपवासाला दोष देऊ नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

८. थंडीत कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत झोपू नका. तोच वायू, तोच धोका.

आणि मित्रांनो, आठवा नियम वाचून "आमच्याकडे कुठे शेगडी" असं म्हणू नका. कॉलेजच्या आसपास रूम करून राहणारे तुमच्यापैकी कितीतरी जण पाच किलोच्या छोट्या सिलेंडरवर खोलीतच मॅगी आणि चहा करतात, आणि मालकाला कळू नये म्हणून खिडकी बंद ठेवतात. दहा बाय दहाची खोली, त्यात चार जण आणि एक ज्योत. वरचं गणित तुमच्या खोलीसाठी करून बघा. आपण इंजिनिअरिंग शिकतो आहोत, एवढं तर येतंच.

पूर्वी इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत कामगार कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून नेत. विषारी वायूचा त्रास त्या छोट्या जिवाला आधी व्हायचा आणि माणसं सावध व्हायची. ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. शाळेत हे वाचलं तेव्हा त्या पक्ष्याची दया आली होती. आता वाटतं, आमच्या घरात तो खोकणारा सहावीतला मुलगा हेच काम करत होता आणि आम्ही त्याला फक्त खोकल्याचं औषध पाजत होतो.

यंदाची थंडी सुरू झाली आहे. भावाचा पंप अजून दप्तरात असतो, खोकला पूर्ण गेलेला नाही, पण रात्री आईला उठावं लागतं ते पूर्वीपेक्षा कमी. तो आता बाहेरच्या खोलीत स्वेटर घालून अभ्यासाला बसतो आणि कुरकुर करतो. सकाळी साडेपाचला आई आधी खिडकी उघडते, मग लायटर हातात घेते. गार वारा आत येतो आणि आजी अंथरुणातून ओरडते, "अगं, थंडी वाजतेय!"

आई म्हणते, "आई, गोधडी घ्या अजून एक. देवळालीची हवा आहे, फुकट मिळतेय."

तुम्हीही आज घरी गेलात की आधी आईला विचारा, सकाळी तुझं डोकं दुखतं का? आणि मग उठून खिडकी उघडा.